पेटीतला श्वास

१९५१ च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटलात रात्रपाळीच्या काही नर्स डॉक्टरांच्या नकळत एक काम करत होत्या. अकाली जन्मलेल्या काही बाळांच्या पेटीतला ऑक्सिजन डॉक्टरांनी मुद्दाम कमी ठेवलेला असे. रात्री वॉर्डात सामसूम झाली की या नर्स तो पुन्हा वाढवून ठेवत. आर्नल पॅट्झ नावाचा डोळ्यांचा तरुण डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ लिरॉय होक यांनी तिथे एक प्रयोग मांडला होता. काही बाळांना रिवाजाप्रमाणे भरपूर ऑक्सिजन द्यायचा आणि काहींना गरजेपुरताच. अशाने बाळांच्या जिवाला धोका होईल म्हणून सरकारी अनुदान नाकारलं गेलं, तेव्हा पॅट्झने भावाकडून पैसे उसने घेतले. नर्सना मात्र हा प्रयोग निर्दयपणाचा वाटत होता.

त्यांना बोल लावायला माझं मन धजत नाही. सातव्या महिन्यात जन्मलेलं किलोभराचं बाळ ज्यांनी रात्रभर डोळ्यांत तेल घालून सांभाळलं आहे, त्यांना त्या नर्सची भीती कळेल. असं बाळ श्वास घेता घेता थांबतं. छातीचं वरखाली होणं बंद पडतं. पाच सेकंद, दहा सेकंद. पुष्कळदा तेवढ्यात एक उसासा येतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते. पण कधी वीस सेकंद उलटतात, ओठांभोवती निळसर झाक येते, हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या खाली घसरतात, हातपाय लुळे पडतात. अशा वेळी नर्स पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालते आणि तळपायाला टिचकी मारते किंवा पाठीवरून बोट फिरवते. बाळ दचकतं, श्वास घेतं, हळूहळू गुलाबी होतं. तासाभराने पुन्हा तेच. डॉक्टर याला ॲप्निया म्हणतात. सिडनीच्या डेव्हिड हेंडरसन-स्मार्ट यांनी १९८१ साली याचा हिशेब मांडला. ३४-३५ आठवड्यांच्या बाळांपैकी ७ टक्क्यांना, ३२-३३ आठवड्यांच्या १५ टक्क्यांना, ३०-३१ आठवड्यांच्या ५४ टक्क्यांना हे झटके येत होते. त्याहूनही आधी जन्मलेल्यांत जवळजवळ कुणीच त्यातून सुटत नव्हतं.

पेटीतल्या ऑक्सिजनची कथा याच थांबणाऱ्या श्वासापासून सुरू होते. १९४२ साली अमेरिकेत विल्सन, लाँग आणि हॉवर्ड या तिघांनी अकाली बाळांच्या श्वासाचे आलेख काढले. ही बाळं साध्या हवेत चारदोन श्वास घेतात, थांबतात, पुन्हा घेतात, पुन्हा थांबतात. पेटीतला ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या वर नेला की हाच आलेख मोठ्या माणसासारखा सरळ, एकसारखा होतो. बाळ त्याने जास्त जगतं असं कुणी दाखवलेलं नव्हतं. आलेख सुबक दिसत होता एवढंच. पण डोळ्यांसमोर निळं पडणारं बाळ गुलाबी होताना पाहिल्यावर आणखी पुरावा मागायचं कुणाला सुचणार? युद्धानंतर घट्ट बंद होणाऱ्या नव्या पेट्या आल्या, भिंतीतून थेट ऑक्सिजनच्या नळ्या आल्या, आणि सुखवस्तू देशांतल्या चांगल्यात चांगल्या हॉस्पिटलांत बाळं आठवडेच्या आठवडे दाट ऑक्सिजनमध्ये झोपू लागली.

त्याच १९४२ साली बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका नव्या अंधत्वाची नोंद केली. अकाली जन्मलेल्या बाळांच्या भिंगामागे पांढुरकं जाळं दिसत होतं. पुढच्या बारा वर्षांत या आजाराने जगभरात सुमारे १० हजार मुलं आंधळी झाली. गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच एक. १९५० साली मिशिगनमध्ये तो सहा आठवडे आधी जन्मला आणि पेटीत वाढला. जीवनसत्त्वं, लोह, दूध, प्रकाश अशा पुष्कळ गोष्टींवर संशय घेऊन झाला. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर. महागडी उपकरणं असलेल्या ठिकाणीच अंधत्व जास्त होतं, हे त्यांना खटकलं होतं. पॅट्झ आणि होक यांचे आकडेही त्याच दिशेने गेले, नर्सनी रात्री नळ वाढवूनसुद्धा.

मग १९५३ च्या जुलैत अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून मोठी चाचणी सुरू केली. त्यात ७८६ बाळं होती. १९५४ च्या सप्टेंबरात निकाल जाहीर झाला: जास्त ऑक्सिजन मिळालेल्या बाळांत डोळ्यांवर कायमचे व्रण राहण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट. पॅट्झना १९५६ साली लास्कर पारितोषिक मिळालं. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही असा दंडक जगभर पडला आणि अंधत्वाची साथ ओसरली.

इथे एक बारीक गोष्ट होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची. त्या चाचणीत बाळ घेतलं जाई ते जन्मानंतर ४८ तासांनी. पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे श्वासाची सर्वांत जास्त ओढाताण होते त्याच काळात, कमी ऑक्सिजनने काय होतं हे चाचणीने तपासलंच नव्हतं. तरी दंडक लागू झाला तो पहिल्या मिनिटापासून. लंडनचे केनेथ क्रॉस यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांचा अंदाज असा की एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळं दगावली. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण अनेक वर्षं तो आकडा नवजात शिशुतज्ज्ञांची पाठ सोडत नव्हता. आधी न तपासता ऑक्सिजन दिला, मग पुरतं न तपासता तो काढून घेतला, आणि दोन्ही वेळा किंमत मोजली ती पेटीतल्या बाळांनी.

या साऱ्या काळात श्वास थांबण्याच्या झटक्यांवरचा हुकमी उपाय म्हणजे हात. काही वॉर्डांत बाळाच्या घोट्याला कापडी पट्टी बांधून तिचं टोक पेटीबाहेर काढून ठेवत, म्हणजे झरोका न उघडता बाळाला हलवता येई. साठच्या दशकात छातीच्या हालचालीवर नजर ठेवणारे मॉनिटर आले. स्टॅनफर्डच्या डेली, क्लॉस आणि मेयर यांनी १९६९ साली त्यांच्या मदतीने नोंदी ठेवल्या आणि पेटीतली ऊब वाढली की झटकेही वाढतात हे दाखवलं. मॉनिटर वाजला की नर्स धावे. पण मॉनिटर बघत होता छाती हलते की नाही एवढंच. घशाची मऊ वाट मिटली असेल तर छाती हलत राहते, हवा मात्र आत जात नाही, आणि यंत्र गप्प बसतं. मान पुढे झुकली एवढ्यानेही असं होऊ शकतं. म्हणून आजही पेटीत बाळाच्या खांद्यांखाली कापडाची छोटी गुंडाळी ठेवलेली दिसते.

हाताने काम भागतं तर मग तोच पद्धतशीर का वापरू नये? १९७५ साली क्लीव्हलंडमध्ये जॉन कॅटविंकेल आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच तपासलं. दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं बाळाचे हातपाय चोळायचे. झटके कमी झाले. नाकातून सौम्य दाबाने हवा सोडली तर आणखी कमी झाले. ही दाबाची युक्ती सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली फुप्फुसाच्या आजारासाठी आणली होती, ती इथेही कामाला आली. १९७५ सालीच स्टॅनफर्डच्या ॲनेलीस कॉर्नर यांनी बाळांना डुलणाऱ्या पाण्याच्या गादीवर निजवून पाहिलं. म्हणजे जो तो एकाच गोष्टीच्या मागे होता: हे बाळ आपणहून जागं होत नाही, तर ती जाग बाहेरून कशी आणायची.

पण जाग येत का नाही? याचं उत्तर झोपेच्या प्रयोगशाळांतून तुकड्यातुकड्याने आलं. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा ओळखला. १९६६ साली रॉफवार्ग, मुझिओ आणि डिमेंट यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की दिवस भरलेल्या नवजात बाळाची निम्मी झोप याच चळवळ्या टप्प्यात जाते, आणि अकाली बाळाची तर ८० टक्क्यांपर्यंत. श्वासाचे विराम जास्त करून याच झोपेत येतात, हे सत्तरच्या दशकातल्या नोंदींनी दाखवलं. ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज मेंढीच्या पोटातल्या कोकरांचा अभ्यास करत होते. पोटातलं कोकरू श्वासाच्या हालचाली करतं, पण अखंड नाही. डोळे हलण्याच्या झोपेतच करतं आणि मधेच थांबतं. तिथे थांबण्यात धोका काहीच नाही, कारण ऑक्सिजन नाळेतून येतच असतो. उलट तो कमी पडला तर गर्भ हालचाली थांबवून शक्ती वाचवतो.

मला या सगळ्या शास्त्रातला हा सर्वांत हृद्य भाग वाटतो. अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ पेटीत जे करतं ते आईच्या पोटात असतं तर बरोबरच होतं. ऑक्सिजन कमी झाला की मोठं माणूस जोरात श्वास घेतं. क्रॉस आणि ऑपे यांनी १९५२ सालीच दाखवलं होतं की अकाली बाळ क्षणभर श्वास वाढवतं आणि मग तो मंदावतो. पुढे सेंट लुईसच्या ब्रॅडली थॅच यांनी जागं होण्याच्या पायऱ्या मांडल्या. श्वासाची हवा कोंडली की तान्हं बाळ आधी उसासतं, मग दचकतं, मग हातपाय झाडतं आणि शेवटी डोळे उघडतं. पुष्कळदा पहिल्या पायरीवरच काम भागतं आणि झोप न मोडता श्वास परततो. अकाली बाळाचा पहिल्या पायरीवरही भरवसा नसतो.

याच श्वासविरामाच्या नावाने एक दुसरी चूकही झाली. १९७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधून प्रसिद्ध झालेल्या एका लेखाने पाळण्यात अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं मूळ या विरामांत दाखवलं. त्यातली दोन बाळं एकाच घरातली होती. पुढची वीसेक वर्षं हजारो घरांत बाळाच्या छातीला मॉनिटरचे पट्टे लागले, आईबापांच्या रात्री भोंग्याच्या धास्तीत गेल्या. १९९५ साली त्या दोन बाळांच्या आईवर आपल्याच पाच मुलांच्या खुनाचा गुन्हा सिद्ध झाला. २००१ साली हजाराहून जास्त बाळांवर घरी नजर ठेवणाऱ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की धडधाकट, दिवस भरलेल्या बाळांपैकीही ४३ टक्क्यांच्या मॉनिटरवर कधी ना कधी असे प्रसंग नोंदले गेले होते. अकाली बाळांचा जास्तीचा धोका गर्भधारणेपासून मोजलेल्या ४३ आठवड्यांच्या सुमारास संपत होता.

आता इंग्लंडमधल्या पीटरबरोला जायला हवं. मोठ्या माणसांत मरणासन्न अवस्थेत श्वास चढउतार करत थांबू लागला तर ॲमिनोफिलिन हे दम्याचं औषध देण्याची पद्धत जुनी होती. १९७३ साली कुझेम्को आणि पाला या दोन डॉक्टरांनी ते झटके येणाऱ्या मोजक्या बाळांना गुदद्वारातून दिलं. झटके थांबले. दोनच वर्षांत अमेरिकेतून तसेच अहवाल आले. या औषधाचा जवळचा भाऊ म्हणजे कॉफीतलं कॅफीन. माँट्रियलमध्ये जेकब अरांडा यांनी १९७७ साली ते १८ बाळांना दिलं आणि दिवसाला सरासरी १३.६ वर असलेले झटके २.१ वर आले. नवजात बाळाचं यकृत ॲमिनोफिलिनमधल्या थिओफिलिनचंच थोडं कॅफीन बनवतं, हेही लवकरच उघड झालं. कॅफीन सौम्य ठरलं, त्याने हृदयाची धडधड कमी वाढे. शिवाय ते अंगात टिकतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफीन पाचएक तासांत निघून जातं, अकाली बाळाला त्यासाठी शंभरेक तास लागतात. दिवसाला एक डोस पुरतो.

काम कसं होतं हेही पुढे कळलं. शरीरात ॲडेनोसिन नावाचा पदार्थ असतो. तो मेंदूला गुंगी आणतो, श्वासकेंद्राला थोपवतो. त्याच्या बसण्याच्या जागा कॅफीन अडवून धरतं. श्वासकेंद्र कार्बन डायऑक्साइडला जास्त तत्परतेने प्रतिसाद देऊ लागतं, आणि छातीखालचा श्वासपटल नावाचा स्नायू जोमाने ओढ घेतो. इतकी वर्षं नर्सचं बोट तळपायावर जे करत होतं, ते आता औषध आतून करू लागलं.

वॉर्डात आनंदच झाला असणार. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत जगभरात लाखो बाळांना ही औषधं मिळाली. आणि इथे माझ्या मनात पुन्हा १९४२ चा तो सुबक आलेख उभा राहतो. झटके कमी होतात हे सिद्ध झालं होतं. पण मूल मोठं झाल्यावर कसं असतं, हे पंचवीस वर्षांत कुणीही पुरेशा मोठ्या चाचणीत तपासलं नव्हतं. भीतीला कारणही होतं. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा ॲडेनोसिन मेंदूला सांभाळतं. त्याचीच वाट अडवली तर मेंदूला इजा होणार नाही कशावरून?

हा प्रश्न जाहीरपणे विचारला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या बार्बरा श्मिट यांनी. १९९९ सालच्या त्यांच्या लेखाचा रोख सरळ होता: हे औषध म्हणजे चांगली रीत आहे, संकट आहे, की निष्फळ आडवाट? त्याच वर्षी त्यांनी चाचणी सुरू केली. ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची बाळं आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. निम्म्यांना कॅफीन, निम्म्यांना त्याऐवजी सलाईनचं पाणी. बाटलीत काय आहे हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना आईबापांना. ज्या औषधावर सगळ्यांचा भरवसा बसला होता ते निम्म्या बाळांना द्यायचं नाही, हे पटवून देणं किती अवघड गेलं असेल! अर्धशतकापूर्वी याच भीतीने नर्सचे हात नळाकडे वळले होते. तरीही २००४ पर्यंत कॅनडा, अमेरिका, युरोप, इस्रायल आणि ऑस्ट्रेलियातल्या २००६ बाळांच्या आईबापांनी होकार दिला. त्या आईबापांची नावं कुठेच छापलेली नाहीत, आणि ऋण मात्र त्यांचंच सर्वांत मोठं आहे.

पहिला निकाल २००६ साली आला. कॅफीन मिळालेल्या बाळांत फुप्फुसाचा दीर्घ आजार ३६.३ टक्के, न मिळालेल्यांत ४६.९ टक्के. कॅफीनवाल्यांची नाकातली नळी आणि व्हेंटिलेटर सुमारे आठवडाभर आधी सुटले होते. पुढच्या वर्षी बाळं दीड-पावणेदोन वर्षांची झाल्यावरचे आकडे आले. मृत्यू किंवा अपंगत्व ४०.२ विरुद्ध ४६.२ टक्के, सेरेब्रल पाल्सी ४.४ विरुद्ध ७.३ टक्के. डोळ्यांच्या पडद्याचा तीव्र आजार, म्हणजे टेरींनी १९४२ साली पाहिला तोच, ५.१ विरुद्ध ७.९ टक्के. बाळ आपलं आपण श्वास घेऊ लागलं की ऑक्सिजन आणि यंत्राचा मारा कमी होतो, आणि त्या माऱ्याने होणारं नुकसानही. संकटाची शंका चुकीची निघाली. पण ती शंका घेतली नसती तर कॅफीन देणारे आणि न देणारे दोघेही आजतागायत अंधारात चाचपडत राहिले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत, २००७ साली, कॅफीन सायट्रेट होतं. या गोष्टीचं आपल्याशी फार जवळचं नातं आहे. जगात सर्वांत जास्त अकाली बाळं भारतात जन्माला येतात. २०२० सालचा अंदाज ३० लाखांच्या आसपासचा आहे. आपल्याकडच्या पुष्कळ वॉर्डांत ॲमिनोफिलिनच चालत राहिलं, कारण ते स्वस्त आणि कपाटात हाताशी असतं. पण त्याच्या औषधी आणि विषारी मात्रेत फार अंतर नसतं. रक्तातली पातळी मोजायची सोय नसलेल्या जिल्हा रुग्णालयात तर ते जोखमीचंच. पहिल्या दिवशी किलोमागे २० मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट, नंतर रोज ५ ते १०. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठल्याही बाळाला ताटकळावं लागू नये असं मला तळमळून वाटतं.

श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा माग सोडला नाही. पाचव्या वर्षी फरक पुसट झालेला दिसला. मृत्यू किंवा अपंगत्वाचे आकडे होते २१.१ आणि २४.८ टक्के, आणि हे अंतर निर्णायक मानण्याजोगं नव्हतं. त्यांनी ते तसंच छापलं. मुलं अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा बोलावली. चेंडू झेलणं, तोल सांभाळणं, बोटांची बारीक कामं असं सगळं तपासलं. अभ्यासात आणि वागण्यात दोन्ही गट सारखेच होते. हालचालींतली अडचण कॅफीन मिळालेल्यांत १९.७ टक्के होती, न मिळालेल्यांत २७.५ टक्के. हा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला.